तळ-ओढ जाळे (बॉटम ट्रॉल)

समुद्रतळावरून बोटीने ओढत नेण्याचे पिशवीच्या आकाराचे जाळे. त्याचे तोंड आडव्या दांड्याने किंवा दोन बाजूंच्या जड फळ्यांनी उघडे राहते आणि मासळी मागच्या खोळीत साठते.

या जाळ्याचा उगम नक्की सांगता येत नाही. सर्वांत जुना पुरावा म्हणून बहुधा 1376 मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे आलेला अर्ज दाखवला जातो. ‘वॉन्डरचून’ नावाचे साधन सुमारे सात वर्षांपूर्वी निघाले असून त्याचे लांब, जड लोखंड तळ घासत जाते, पाण्याखालची ‘फुले’ आणि कालवांची पिल्ले नष्ट करते, अशी त्यात तक्रार आहे. जाळ्याची आस (छिद्रे) इतकी बारीक, की लहानात लहान मासाही निसटत नाही. अशी मासळी एवढी सापडते, की ती डुकरांना घालावी लागते. अर्जात या साधनाची तुलना कालवे खरवडण्याच्या अवजाराशी केलेली असल्याने काही अभ्यासक ते तेच मानतात. तथापि तीन वाव (सुमारे साडेपाच मीटर) लांबीचे जाळे आणि दहा फुटी दांडा पाहता ते दांडा-ट्रॉलचे पूर्वरूप असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. राजाने चौकशीचा आदेश दिला. म्हणजे हे जाळे आणि त्याविरुद्धची तक्रार जवळपास एकाच वयाची आहेत, ही गोष्ट विसरता कामा नये.

1880 च्या दशकात वाफेच्या बोटी आल्या, पुढच्या दशकात फळ्यांचे जाळे रूढ झाले.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणानुसार फळ्यांचे जाळे एका फेरीत तळातील सुमारे 6 टक्के जीव नष्ट करते व सरासरी 2.4 सेंमी. खोल जाते, पाण्याच्या झोताने तळ उकरणारे अवजार 41 टक्के जीव नष्ट करते व 16 सेंमी. खोल जाते. तळ सावरायला साधारण दोन ते सहा वर्षे लागतात. खोल पाण्यातील प्रवाळांना हा हिशेब लागू नाही. ती शतकानुशतके वाढलेली असतात. जाळ्याने ढवळलेल्या गाळातून सुटणाऱ्या कार्बनचे 2021 मधील मोठे अंदाज वादग्रस्त असून ते वाढीव असल्याचा आक्षेप सबळ दिसतो.

मत्स्यशेतीने समुद्रावरचा हा भार पुरता हलका झालेला नाही. 2022 मध्ये जलचर प्राण्यांचे संवर्धित उत्पादन प्रथमच पकडीपेक्षा जास्त झाले. पण कोळंबी आणि सामन यांच्या खाद्यात समुद्रातल्या लहान मासळीचे कूट व तेल असते. त्यातली बरीच मासळी घेरजाळ्यांची (थव्याला वेढणाऱ्या जाळ्यांची) असली, तरी काही ठिकाणी ट्रॉलच्या खोळीतली बारीक पिल्लेही तिकडेच जातात.

हाँगकाँगने 2012 अखेर आपल्या पाण्यात ट्रॉलिंग बंद केले. युरोपीय संघाने 2016 च्या नियमाने ईशान्य अटलांटिकमधील आपल्या पाण्यात 800 मीटरखाली तळ-ट्रॉलिंगला मनाई केली.