हरणांमागे उभ्या राहिलेल्या हट्स : न्यूझीलंडच्या हट बॅगिंगची पार्श्वभूमी

न्यूझीलंडमध्ये डोंगरात पाठीवर सॅक टाकून दोन-चार दिवस भटकण्याला ट्रॅम्पिंग म्हणतात, आणि या ट्रॅम्पिंगवाल्यांमध्ये काही माणसं अशी असतात की त्यांना शिखराची फारशी ओढ नसते, त्यांना हट, म्हणजे डोंगरातली मुक्कामाची साधी खोली, गाठायची असते. नकाशावर कुठल्यातरी नदीच्या टोकाला एक बारीकसा काळा चौकोन दिसतो, तिथवर जायचं, रात्र काढायची, वहीत नाव लिहायचं आणि यादीतली एक हट कमी झाली म्हणून पुढची शोधायला लागायचं. याला म्हणतात हट बॅगिंग. शिखरं मोजायचा नाद तसा जुना, स्कॉटलंडमध्ये ह्यू मन्रो यांनी १८९१ साली तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली आणि लोक ती पुरी करायच्या मागे लागले. पण हट्स मोजायच्या तर आधी देशात तेवढ्या हट्स पाहिजेत ना! न्यूझीलंडमध्ये एकट्या डिपार्टमेंट ऑफ कन्झर्वेशनकडे, म्हणजे ज्याला सगळे डॉक म्हणतात त्यांच्याकडे, ९५० हून जास्त आहेत, आणि देशाची वस्ती आहे पन्नास लाखांच्या आसपास.

एवढ्या आल्या कुठून? भटकणाऱ्यांसाठी बांधल्या असतील असं वाटतं, मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण खरं उत्तर आहे हरणं.

त्याआधीही डोंगरात हट्स होत्या, नाही असं नाही. सोनं शोधणाऱ्यांच्या होत्या, मेंढरं हाकायला उंचावर जाणाऱ्या माणसांच्या होत्या. त्यातली मला सगळ्यात जवळची वाटते ती काहुरांगीच्या डोंगरातली अॅस्बेस्टॉस कॉटेज. हेन्री चॅफी आणि अॅनी फॉक्स हे दोघं आपापले मोडलेले संसार मागे टाकून १९१४ साली तिथे राहायला गेले आणि १९५१ मध्ये हेन्री वारले तोवर तिथेच राहिले, म्हणजे जवळपास चाळीस वर्षं, रस्त्यापासून लांब, जंगलात. आज कुणीही चालत जाऊन त्याच घरात मुक्काम करू शकतं.

मग क्लब आले. वेलिंग्टनजवळच्या टारारुआ डोंगररांगेसाठी १९१९ मध्ये टारारुआ ट्रॅम्पिंग क्लब सुरू झाला आणि त्यांनी १९२४ मध्ये फील्ड हट बांधली, लाकूड तिथल्याच जंगलातलं, जागेवरच हातकरवतीने कापलेलं. खास ट्रॅम्पिंगसाठी बांधलेल्या आणि अजून उभ्या असलेल्या हट्समध्ये ही सगळ्यात जुनी मानतात. पण क्लबच्या पैशात आणि सुट्टीच्या दिवसांत किती बांधणार, थोड्याच झाल्या.

आता हरणं. या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मुळचा नाही. इंग्रज वसाहतवाले आले, त्यांना शिकारीची हौस, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांनी ब्रिटनमधून लाल हरणं आणून सोडली आणि वर त्यांना कायद्याचं संरक्षणही दिलं. खाणारं कुणी नाही आणि खायला अख्खं जंगल, त्यामुळे काही दशकांत हरणं इतकी वाढली की जंगलाच्या तळाची कोवळी झाडंच दिसेनाशी झाली. डोंगर उघडे पडतील, माती वाहून येईल, खाली शेतांत पूर येतील अशी भीती सगळीकडे पसरली आणि १९३० मध्ये सरकारने संरक्षण काढून घेतलं. लगेच पगारी शिकारी डोंगरात पाठवायला सुरुवात झाली आणि हे काम अंतर्गत व्यवहार खात्यातल्या कॅप्टन येरेक्स यांच्याकडे आलं. ही पोरं महिनोन्महिने कापडी तंबूत राहायची, रायफल, पिठाची गोणी, भिजलेले बूट, आणि मारलेल्या हरणांच्या हिशेबावर पगारावर बोनस. काही ठिकाणी त्यांनी कुऱ्हाडीने लाकूड फाडून फळ्यांच्या हट्सही उभ्या केल्या.

खरा बदल झाला १९५६ मध्ये. नवीन कायदा आला आणि हरणांचं काम फॉरेस्ट सर्व्हिसकडे, म्हणजे सरकारी वनखात्याकडे, गेलं. त्यांनी असा विचार केला की माणूस तंबूत भिजत पडला तर शिकार होणार नाही, त्याला कोरडी जागा पाहिजे, आणि एका जागेहून दुसऱ्या जागेला एका दिवसात पोचता आलं पाहिजे. मग सुरू झालं ते प्रचंड काम, साधारण पंधरा वर्षांत ६०० च्या वर हट्स, त्यांना जोडणाऱ्या हजारो किलोमीटरच्या वाटा आणि नद्यांवर पूल. साहित्य आधी लहान विमानातून खाली टाकायचे, नंतर हेलिकॉप्टरने आणायला लागले. ठरावीक नमुन्यांच्या हट्स, चार बंकची, म्हणजे चौघांना झोपायला फळ्या असलेली, सहा बंकची, आणि अगदी वर धारेवर दोन माणसं जेमतेम मावतील अशी बिव.

पूल का लागले तेही सांगायला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात तिथे नदीत बुडून इतकी माणसं मरायची की बुडून मरण्याला 'न्यूझीलंडचं मरण' असंच म्हणायचे. पश्चिम किनाऱ्यावर होकिटिकाच्या वरच्या डोंगरात क्रॉप नदी आहे, तिथे वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सकाळी घोट्याएवढी असलेली नदी दुपारी माणसाला उभं राहू देत नाही. हट समोर दिसतेय आणि मधे नदी, मग अलीकडच्या काठावर पाणी उतरायची वाट बघत बसायचं, दुसरा इलाजच नसतो. काही ठिकाणी अजून तीन तारांचे पूल आहेत, एक तार पायाखाली, दोन हातात. पहिल्यांदा त्यावर पाय ठेवला की पायाखालची तार बाजूला सरकते आणि सॅकचं वजन आपल्याला मागे ओढतंय असं वाटतं, आणि तेव्हा कळतं की ही वाट हौशी माणसासाठी काढलेली नव्हती, कामावर जाणाऱ्या माणसासाठी काढली होती.

या हट्स आतून सगळ्या सारख्याच वाटतात आणि त्यातच मजा आहे. पत्र्याची खोली, बाहेरून बऱ्याचदा तो फॉरेस्ट सर्व्हिसचा भडक नारिंगी रंग, कारण धुक्यात आणि बर्फात लांबून दिसली पाहिजे. दार ढकललं की धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास, एका भिंतीला चूल, दुसऱ्या भिंतीला बंक, खिडकीखाली लाकडी बाक आणि त्यावर चाकूने कोरलेली नावं. कुणी राखणदार नाही, कुलूप नाही, जेवण मिळत नाही. आल्प्समध्ये हे वेगळं आहे, तिथे स्विस अल्पाइन क्लबने १८६३ मध्ये पहिली हट बांधली ती मुळात गिर्यारोहकांसाठीच आणि आज तिथल्या मोठ्या हट्समध्ये गरम जेवण मिळतं. न्यूझीलंडमध्ये आपण पोचतो तेव्हा हट बहुतेक वेळा रिकामी असते, आणि त्या रिकाम्या खोलीसाठीच तर लोक जातात.

पण झालं काय, हट्स पुऱ्या होईपर्यंत त्यांचं कामच संपत आलं. साठच्या दशकाच्या मध्यापासून हेलिकॉप्टरमधून हरणं मारून मांस एक्स्पोर्ट करायचा धंदा सुरू झाला, त्यात पैसा चांगला होता आणि जे पायी शिकाऱ्याला दशकानुदशकं जमलं नव्हतं ते हेलिकॉप्टरने थोड्या वर्षांत केलं. नंतर तर जाळी टाकून जिवंत हरणं पकडून पाळायलाच लागले. शिकाऱ्यांची गरज उरली नाही आणि शेकडो हट्स नुसत्या उभ्या राहिल्या. त्याच सुमारास भटकणाऱ्यांची पिढी वाढत होती, त्यांना सरकारी खर्चाने बांधलेल्या वाटा, पूल आणि छप्पर आयतं मिळालं. हट बॅगिंगची खरी सुरुवात मी इथे धरतो, कुणी क्लब काढून किंवा नियम करून ती केली नाही, रिकाम्या हट्सनीच माणसांना बोलावलं.

१९८७ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिस मोडून डॉक झालं आणि या सगळ्या हट्स त्यांच्या गळ्यात पडल्या. पैसा कमी, हट्स जास्त. मग २८ एप्रिल १९९५ ला पापारोआ नॅशनल पार्कमध्ये केव्ह क्रीकला डॉकने बांधलेला एक प्लॅटफॉर्म दरीत कोसळला आणि १४ जण गेले, त्यातले १३ कॉलेजचे विद्यार्थी होते आणि एक डॉकचे स्थानिक अधिकारी. देश हादरला. त्यानंतर प्रत्येक पूल, प्रत्येक हट तपासायला लागले आणि ते करणं बरोबरच होतं, पण तपासणी म्हणजे खर्च, आणि जिथे वर्षाला चार माणसं जातात अशा हटवर कोण खर्च करणार. २००० नंतरच्या काही वर्षांत कुठल्या हट्स ठेवायच्या आणि कुठल्या सोडून द्यायच्या यावर लोकांची मतं मागवली गेली, तेव्हा लांबच्या, छोट्या, विसरलेल्या हट्सवर टांगती तलवार होती.

इथे ती यादीवाली माणसं कामाला आली. कुठल्या बिवचं छप्पर गळतं, कुठली वाट झाडीत हरवलीय, हे ऑफिसात बसलेल्यांपेक्षा त्यांनाच जास्त माहीत होतं, कारण ज्या हटला कुणी जात नाही तिथेही ते जातात, तीच तर त्यांच्या यादीत बाकी असते. पश्चिम किनाऱ्यावर परमोलॅट नावाचा गट उभा राहिला, नाव पडलं ते खिडकीच्या पडद्यांच्या अॅल्युमिनियम पट्ट्यांवरून, ज्या पूर्वी वाटेच्या खुणा म्हणून झाडांना ठोकायचे. या लोकांनी हट्स वाटून घेतल्या, करवती घेऊन वाटा मोकळ्या केल्या, पत्रे बदलले. २०१४ मध्ये ट्रॅम्पिंग क्लब, शिकारी आणि सायकलवाले यांच्या संघटना हट्स आणि वाटा सांभाळायला सरकारी मदतीने एकत्र आल्या आणि २०१७ मध्ये त्यातूनच बॅककंट्री ट्रस्ट झाला. एरवी या तिघांचं एकमेकांशी फार जमतं असं नाही, पण गळकं छप्पर तिघांनाही नको असतं.

आता डॉकच्या सगळ्यात साध्या हट्स आणि बिव फुकट आहेत, मोठ्यांना तिकीट किंवा वर्षाचा पास लागतो, आणि ग्रेट वॉक्स म्हणतात त्या डॉकच्या सगळ्यात प्रसिद्ध वाटांवरच्या हट्स तर आधी बुक कराव्या लागतात. खऱ्या नादी माणसाचं लक्ष मात्र फुकटवाल्यांवर.

आणि प्रत्येक हटमध्ये असते ती वही. नाव, तारीख, किती जण, कुठून आलो, कुठे चाललो. ही शोधपथकासाठी असते, माणूस हरवला तर शेवटची नोंद बघून कुठल्या दरीत शोधायचं ते ठरतं, म्हणून हटमध्ये राहिलं नाही तरी वहीत लिहून जायचं. लांबच्या बिवमधली एक वही अनेक वर्षं पुरते, त्यामुळे अर्ध्या तासात दहा वर्षं वाचून होतात, दोन नोंदींमध्ये कधी कधी आठ महिन्यांचं अंतर, मधे एका ओळीत 'तीन दिवस पाऊस, नदी उतरली नाही', त्याखाली दुसऱ्याच अक्षरात 'चिमणी दुरुस्त केली, लाकडं आत ठेवलीत'. लाकडांचा नियम कुठल्याच कायद्यात नाही, निघताना पुढच्या माणसासाठी कोरडी लाकडं आत रचून ठेवायची, आपण पोचलो तेव्हा कुणीतरी ठेवलेली असतात म्हणून.