नॅचेझ : वाडे, बागा आणि वसंतोत्सव

नॅचेझ हे अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील ॲडम्स काउंटीचे मुख्य ठिकाण. मिसिसिपी नदीच्या पूर्व काठावर, एका उंच कड्यावर वसलेले. लोकसंख्या सुमारे साडेचौदा हजार (२०२०), त्यात निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय. दर वसंतात जुने वाडे आणि बागा पाहुण्यांना खुल्या करण्याची येथे प्रथा आहे. ‘स्प्रिंग पिल्ग्रिमेज’ या नावाने ती ओळखली जाते आणि तिच्यामुळेच हे छोटे गाव प्रसिद्धीला आले.

गावाला नाव मिळाले ते नॅचेझ या मूळ अमेरिकी जमातीवरून. फ्रेंचांनी १७१६ मध्ये येथे फोर्ट रोझली बांधला. १७२९ मध्ये जमातीने उठाव केला, तेव्हा फ्रेंचांनी तिचा पुरता बीमोड केला. त्यातून वाचलेले लोक इतर जमातींत विखुरले. पुढे इंग्रज व स्पॅनिश अंमल होऊन १७९८ मध्ये गाव अमेरिकेकडे आले.

त्यानंतरची सगळी श्रीमंती कापसाची. मळेवाल्यांची शेती कोसन्‌कोस पसरलेली, बरीचशी नदीपलीकडच्या लुइझियानात, आणि राहते घर मात्र नॅचेझच्या कड्यावर, हवेशीर जागी. म्हणून एवढ्याशा गावात खांबांच्या पडव्यांचे इतके वाडे. १८६१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटले आणि अमेरिकी कापूस अडकला. त्याच तुटवड्याने मुंबईच्या कापूस बाजारात पैशाचा पूर आला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव मिळाला. नॅचेझच्या वाट्याला नेमके उलटे आले.

लाँगवुड हा वाडा त्याचा पुरावा. हॉलर नट या मळेवाल्याने फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल स्लोन या वास्तुकाराकडून अष्टकोनी, घुमटाच्या महालाचा आराखडा करून घेतला आणि १८६० मध्ये काम सुरू झाले. युद्ध सुरू होताच उत्तरेकडचे कारागीर हत्यारे टाकून निघून गेले. ठरलेल्या बत्तीस खोल्यांपैकी तळघरातल्या नऊच पुऱ्या झाल्या. नट १८६४ मध्ये वारला आणि कुटुंब तळघरातच राहिले. आजही जिना चढून वर गेले की गिलाव्याविना विटा, उघड्या तुळया आणि खिडक्यांच्या मोकळ्या चौकटी दिसतात. माझ्या मते गावातले सर्वांत प्रामाणिक घर हेच.

गावाने १८६२ मध्ये न लढता शरणागती पत्करल्याने बाकीचे वाडे तोफांतून वाचले. नंतर ओढवलेल्या गरिबीनेही एका अर्थी त्यांना वाचवले, कारण पाडून नवे बांधायला पैसा होता कोणाकडे?

पिल्ग्रिमेजचा जन्म फुले न फुलल्यामुळे झाला. १९३१ च्या वसंतात राज्यभरच्या गार्डन क्लबांचे अधिवेशन नॅचेझला भरणार होते. ऐन वेळी कडाक्याची थंडी पडून बागा करपल्या. यजमान बायकांनी मग पाहुण्यांना घरेच उघडून दाखवली. पाहुण्यांना बागांपेक्षा घरेच जास्त भावली. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, कॅथरीन ग्राफ्टन मिलर यांच्या पुढाकाराने तिकीट लावून पहिले पिल्ग्रिमेज झाले. मंदीचे दिवस होते. गळक्या छपरांच्या घरमालकांना हा पैसा म्हणजे मोठाच आधार. तेव्हापासून मार्च-एप्रिलमध्ये, अझेलियाची फुलझाडे बहरात असताना, हा सोहळा भरतो. घरोघरच्या बायका घेरदार झगे घालून दारात स्वागताला उभ्या राहतात.

पैसा आला तसे भांडणही आले. मिळकत क्लबची किती आणि घरमालकांची किती, यावरून फूट पडून १९३७ च्या सुमारास पिल्ग्रिमेज गार्डन क्लब वेगळा झाला. काही काळ एकाच वसंतात दोन प्रतिस्पर्धी पिल्ग्रिमेज भरत होती, प्रकरण कोर्टात गेले आणि वर्तमानपत्रांना आयता मजकूर मिळाला. १९४० च्या दशकात समेट झाला. मात्र क्लब दोनच राहिले. लाँगवुड व स्टँटन हॉल एकाकडे, मॅग्नोलिया हॉल दुसऱ्याकडे.

या सोहळ्याने दीर्घकाळ सांगितलेला इतिहास मात्र अर्धाच होता. संध्याकाळच्या ‘कॉन्फेडरेट पेजंट’मध्ये (युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेच्या नावाने भरणारा देखाव्यांचा कार्यक्रम) गोऱ्या तरुण-तरुणींचे राजा-राणी आणि दरबार, तर कृष्णवर्णीयांच्या वाट्याला कापूस वेचणाऱ्यांची व नोकरांची कामे. पुढे नाव आणि संहिता दोन्ही बदलली. वाड्यांतल्या वस्तू नीट पाहिल्या तरी उरलेला अर्धा भाग दिसतो. मेलरोझ वाड्याच्या भोजनगृहात टेबलावर महोगनी लाकडाचा मोठा झुलता पंखा टांगलेला आहे. हिंदुस्थानातल्या साहेबांच्या बंगल्यांत असायचा त्याच जातीचा. पंगत उठेपर्यंत त्याची दोरी ओढत राहायचे काम गुलामाचे.

गावाच्या वेशीबाहेर ‘फोर्क्स ऑफ द रोड’ येथे गुलामांचा बाजार होता. न्यू ऑर्लीन्सखालोखाल या भागातला सर्वांत मोठा. साथीच्या भीतीने १८३३ मध्ये व्यापाऱ्यांना गावाबाहेर काढले, म्हणून तो तिथे. लिलाव पुकारला जात नसे. गिऱ्हाईक येई, माणसे पारखी आणि भाव करी. १८६३ मध्ये उत्तरेचे सैन्य आल्यावर त्यातल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी तिथले कोंडवाडे पाडून फळ्या आपल्या बराकींना वापरल्या. २०२१ मध्ये ही जागा नॅचेझ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात आली. मेलरोझ आणि विल्यम जॉन्सनचे घर याच उद्यानात आहेत. जॉन्सन हा मुक्त कृष्णवर्णीय न्हावी. त्याने १८३५ ते १८५१ अशी रोजनिशी लिहिली. त्याचे स्वतःचेही गुलाम होते.

संगीताचे कार्यक्रम गावात वर्षभर असतात. मे महिन्यात ऑपेरा आणि इतर गायनाचा महोत्सव, ऑक्टोबरमध्ये कड्यावर बलून महोत्सव आणि त्याच्या जोडीला वाद्यवृंद. पण या गावात संगीताची सर्वांत मोठी आठवण दुःखाची आहे. २३ एप्रिल १९४० च्या रात्री रिदम क्लब या पत्र्याच्या नृत्यगृहात शिकागोचे वॉल्टर बार्न्स वाद्यवृंदासह वाजवत होते. सजावटीला झाडांवरचे वाळके स्पॅनिश मॉस टांगले होते आणि त्यावर कीटकनाशक फवारले होते. फुकटे बाहेरून डोकावू नयेत म्हणून खिडक्या फळ्या ठोकून बंद केलेल्या. बाहेर पडायला दार एकच. आग लागल्यावर लोक बिथरू नयेत म्हणून बार्न्स वाजवत राहिले. २०९ माणसे गेली, त्यांत ते स्वतः आणि त्यांचे बहुतेक साथीदार. ब्लूज गायक हाउलिन वुल्फ यांनी या आगीवर गाणे केले.

वसंतातल्या सोहळ्याला कृष्णवर्णीय समाजाने आपल्या परीने जोड दिली ती ‘सदर्न रोड टू फ्रीडम’ या कार्यक्रमाची. १८९४ मध्ये बांधलेल्या होली फॅमिली कॅथलिक चर्चची गायक मंडळी गॉस्पेल (कृष्णवर्णीय चर्चमधले भक्तिसंगीत) आणि जुन्या भक्तिगीतांतून गुलामीपासून पुढचा आपला इतिहास मांडतात. पिल्ग्रिमेजला जाणाऱ्याने एखादा वाडा कमी पाहिला तरी चालेल, पण हा कार्यक्रम जरूर ऐकावा.