मोपेडच्या क्लचला ट्यूबचा रबर चिटकवून चालतो का?

मोपेडचा क्लच घासला की सायकलच्या ट्यूबचा नाहीतर जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा शूला (क्लचच्या आतल्या, फिरताना बाहेर सरकणाऱ्या वक्र पट्टीला) चिटकवा, नव्यासारखा चालतो, असा मेसेज लई दिवसांपासून फिरतोय. खरं वाटायला कारण बी हाय, चिटकवल्यावर गाडी थोडे दिवस ओढते, कारण थंड रबराची पकड चांगलीच असते.

आता आत काय होतं ते बघा. इंजिनाचा वेग वाढला की शू बाहेर फेकले जातात आणि ड्रमला (भोवतीच्या गोल डब्याला) घासतात, पूर्ण धरेपर्यंत ते घसरतच असतात अन् त्यातनं उष्णता तयार होते. मागं दुधाचे कॅन अन् समोर मांजरसुंब्याचा घाट असला तर विचारूच नका. त्या उष्णतेत रबर मऊ पडतो, चामडं करपतं, साधा गम सुटतो. सुटलेला तुकडा शू अन् ड्रमच्या मधी अडकला तर अॅक्सिलरेटर सोडला तरी गाडी पुढं जात राहते, खरा धोका हा. काही गाड्यांचा क्लच तेलात फिरतो, तिथं गम अजून लवकर जातो.

खात्री करायचीय तर ट्यूबचा तुकडा अंगणात जुन्या तव्यावर तापवा, लांबूनच, धूर वाईट असतो. खरं लायनिंग, म्हणजे शूवरचा घासणारा थर, खास गम लावून दाबाखाली भट्टीत पक्कं करतात नाहीतर रिव्हेट मारतात, ते घरी जमत नाही.

आणि क्लच घसरतो म्हणजे लायनिंग संपलंच असं बी नाही. कोरड्या क्लचमधी सील (तेल अडवणारी कडी) गळून तेल आलं असंल, वरचा थर नुसता गुळगुळीत झाला असंल, तो सँडपेपरनं हलका घासता येतो, फक्त धूळ फुंकू नका, जुन्या लायनिंगमधी अॅस्बेस्टॉस (श्वासातनं गेला तर घातक असा तंतू) असू शकतो.