गुहेतला ढग आणि जिंजर झी

परवा फॅमिली ग्रुपवर एक जुना व्हिडिओ फिरत फिरत परत आला. व्हिएतनाममधली एक अजस्र गुहा, आत चक्क जंगल, जंगलावर तरंगणारा ढग आणि खाली लिहिलेलं की या गुहेला स्वतःचं वेगळं हवामान आहे, विज्ञानालाही न सुटलेलं कोडं! कोडं वगैरे काही नाही हो, आणि खरी गोष्ट त्याहून कितीतरी भारी आहे.

गुहेचं नाव सोन डूंग. मे २०१५ मध्ये अमेरिकेच्या एबीसी चॅनलने तिथून ड्रोन उडवून लाइव्ह कार्यक्रम केला, आणि पाठवलं कुणाला, तर हवामान सांगणाऱ्या जिंजर झीला. हवामान सांगणारी म्हणजे नकाशासमोर हात फिरवणारी असं आपल्याला वाटतं, पण ही बाई हवामानशास्त्राची पदवीधर, कॉलेजात असल्यापासून टोर्नेडोच्या मागे गाडी पळवणारी. आधी ग्रँड रॅपिड्स, मग शिकागो इथल्या स्थानिक टीव्हीवर, २०११ ला एबीसी आणि २०१३ च्या शेवटी तिथली मुख्य हवामानतज्ज्ञ, मोठ्या अमेरिकन नेटवर्कवर या पदावर आलेली पहिली स्त्री. त्याच २०१५ मध्ये ती आइसलँडच्या पेटत्या ज्वालामुखीपाशीही जाऊन आली होती.

पण मला बोलायचंय त्या ढगाबद्दल.

जून महिन्यात फ्रीझर उघडून बघा. पांढरं धुकं बाहेर येतं आणि वर न जाता पायांकडे घसरतं, कारण गार हवा जड असते. आणि ते पांढरं म्हणजे वाफ नाही, वाफ दिसतच नाही, दिसतात ते पाण्याचे बारीक थेंब. ते येतात कुठून? ३० अंशाची हवा घनमीटरमागे साधारण ३०.४ ग्रॅम वाफ धरते, २० अंशाची १७.३ आणि १० अंशाची फक्त ९.४. आता ३० आणि १० अंशाची, दोन्ही ९०% दमट (म्हणजे मावेल त्याच्या ९०% वाफ असलेली) हवा सारखी मिसळा. वाफ झाली सरासरी १७.९ ग्रॅम आणि तापमान २०, जिथे मावतात १७.३! उरलेल्या वाफेचे थेंब होतात. म्हणजे दोन्हींपैकी एकातही ढग नव्हता, नुसत्या मिसळण्याने झाला. (आकडे मुद्दाम ताणलेत, गुहेत फरक कमी असतो, पण तिथे आत नदी वाहते त्यामुळे हवा आधीच ओलीचिंब असते.)

गुहेचा दगड वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाला असतो. उन्हाळ्यात आतली गार हवा खालच्या तोंडातून बाहेर वाहते, हिवाळ्यात आतली उबदार हवा वरच्या भोकांतून निघते. सोन डूंगचं छत दोन जागी कोसळलंय, त्यामुळे ही ये-जा जोरात चालते आणि जिथे आतली-बाहेरची हवा भेटते तिथे ढग. आपल्याकडे एखाद्या भुयारातून गार वारा आला की लगेच तिथे कुणाचा तरी वावर आहे म्हणतात आणि पोरांना घाबरवतात, ते बंद करा, त्याऐवजी पोरांच्या हातात थर्मामीटर द्या.

ही गुहा सापडली तीसुद्धा अशीच. १९९० च्या आसपास हो खान नावाच्या स्थानिक माणसाला जंगलात एका तोंडातून वारा घोंगावताना ऐकू आला, धुकं बाहेर येताना दिसलं. नंतर त्याला ती जागाच सापडेना, ती परत मिळाली २००८ मध्ये आणि पुढच्या वर्षी त्याने ब्रिटिश गुहा-संशोधकांना तिथे नेलं. एवढा वारा वाहायचा तर मागे हवाही तेवढी हवी, आणि होतीच, मोजलं तेव्हा काही ठिकाणी छत २०० मीटर उंच निघालं.