वाऱ्याचा दगड, लाटेचा दगड

गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर भरतीची रेषा ओलांडली की मर्यादवेलीच्या जाळ्याखाली वाळूच्या टेकड्या लागतात. खालची वाळू लाटेने टाकलेली, वरची वाऱ्याने उडवून नेलेली. हीच वाळू घट्ट होऊन तिचा दगड झाला आणि लाखभर वर्षं उलटली, तर कोणता थर कुणाचा हे कसं ओळखायचं? अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटावर हा प्रश्न पावलोपावली येतो. जुन्या ज्वालामुखीच्या माथ्यावर शिंपल्या-प्रवाळांच्या चुऱ्याचं हे बेट बनलंय. आपली जुनी घरं जांभ्याच्या चिऱ्यांची, तर तिथली याच चुनखडी दगडाचे चिरे कापून बांधलेली.

वाऱ्याच्या दगडात थर तिरके, कधी तीस अंशांहून जास्त उतरते. दाणे बारीक, एकसारखे. मध्येच झाडांच्या मुळांचे साचे, जमिनीवरच्या गोगलगायींची कवचं. लाटेच्या दगडात थर समुद्राकडे हलकेच कललेले, दाणे जाडेभरडे, सोबत प्रवाळाचे तुकडे. वाळूत कोंडलेल्या हवेची बारीक भोकं लाटेची खूण मानतात, पण कोरड्या वाळूवर जोराचा पाऊस पडला तरी ती होतात. नुसत्या भोकांवरून निकाल देऊ नये.

गल्लत झाली तर ती महागात पडते. किनाऱ्याचा थर त्या काळची समुद्रपातळी दाखवतो. टेकडी मात्र वारा नेईल तितकी उंच चढते. तिला किनारा समजलं की समुद्रच तेवढा वर होता असं आपण म्हणून बसतो.

वय काढायची वाटही दोघांची वेगळी. रेडिओकार्बन सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतच चालतो, आणि बर्म्युडाचे कितीतरी थर सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळातले आहेत. किनाऱ्याच्या थरातल्या प्रवाळाला युरेनियम-थोरियमची पद्धत लागू पडते. तिची मजल साधारण पाच लाख वर्षांची. अट एकच, प्रवाळाचे मूळ स्फटिक बदललेले नकोत. शिवाय ते वय प्रवाळाचं. तुकडा आधीच्या एखाद्या थरातून सुटून आलेला असेल, तर दगड त्याहून तरुण निघतो.

टेकडीत प्रवाळाचे असे तुकडे मिळत नाहीत. वाऱ्याला ते उचलता येत नाहीत. गोव्याच्या वाळूत क्वार्ट्झ भरपूर, त्यामुळे दाण्याने शेवटचा उजेड कधी पाहिला हे मोजता येतं. बर्म्युडाच्या वाळूत क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच. तिथे गोगलगायी कामी येतात: मेल्यानंतर कवचातल्या अमिनो आम्लांची रचना हळूहळू आरशातल्या प्रतिबिंबासारख्या उलट घडणीत बदलत जाते. पण ही गती तापमानावर अवलंबून, म्हणून हे घड्याळ प्रवाळाच्या वयाशीच जुळवून घ्यावं लागतं. टेकडीचं वय अखेर किनाऱ्याच्या आधाराने ठरतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९३१ मध्ये भूवैज्ञानिक सेल्स यांनी वाऱ्याच्या या दगडाला ‘एओलिअनाइट’ नाव दिलं. समुद्र खाली गेलेल्या हिमयुगात या टेकड्या रचल्या गेल्या असं त्यांना वाटत होतं. पुढच्या अभ्यासकांना किनाऱ्याचे थर सलगपणे टेकडीच्या थरांत मिसळताना दिसले आणि टेकड्या समुद्र वर असलेल्या, उबदार काळातल्या ठरल्या. म्हणून तिथे कडा पाहताना आधी दोन थरांमधली तांबडी माती शोधावी. आपली तांबडी माती जांभ्याची. तिथली मुख्यतः वाऱ्याने दुरून आणलेल्या धुळीची. माती नसेल तर किनारा आणि टेकडी बहुधा एकाच काळाचे. जाड थर असेल तर मधे अख्खं हिमयुग सरून गेलेलं असू शकतं.