ब्रिटिश उन्हाळी वेळ

ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे एक वाजता घड्याळे तासभर पुढे करतात. एकाचे एकदम दोन होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती पुन्हा ग्रिनिच वेळेवर येतात. मधल्या सुमारे सात महिन्यांची ही उन्हाळी वेळ.

दिवस यामुळे मोठा होत नाही. पहाटे लोक झोपेत असताना फुकट जाणारा उजेड संध्याकाळच्या पदरात पडतो, इतकेच. पण ते इतकेच फार मोलाचे आहे. लंडनमध्ये शनिवारी साडेसहाच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी साडेसातच्या सुमारास मावळतो. वसंतसंपात तोवर होऊन गेलेला असतो, बागांत पिवळे डॅफोडिल डोलत असतात. तरी वसंत आल्याची खरी खूण पटते ती कामावरून परतल्यावर अंगणात ऊन सापडते तेव्हा.

ही कल्पना ब्रिटनमध्ये लावून धरली विल्यम विलेट या बांधकाम व्यावसायिकाने. सकाळी घोड्यावरून रपेट करताना उन्हे वर आली तरी घरोघरी पडदे ओढलेलेच दिसत, याची त्यांना चुटपुट लागे. १९०७ साली त्यांनी पत्रक काढले: एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटांनी घड्याळे पुढे न्यावीत. (न्यूझीलंडचे कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्येच दोन तासांचा बदल सुचवला होता.) संसदेत विधेयके आली आणि बारगळली. विलेट १९१५ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी, महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी, जर्मनीने ३० एप्रिलला आणि ब्रिटनने २१ मे रोजी घड्याळे पुढे केली. लंडनजवळच्या पेट्स वुडच्या रानात विलेट यांचे स्मारक म्हणून एक छायाघड्याळ उभे आहे. ते बाराही महिने उन्हाळी वेळच दाखवते.

१९६८ ते १९७१ या काळात वर्षभर हीच वेळ ठेवून पाहिली. मात्र उत्तर स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यात सूर्योदयाला दहा वाजू लागले, मुले अंधारात शाळेला निघू लागली, आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला.

लंडनच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जवळपास नऊ तासांचा फरक असतो. मुंबईत तो सव्वादोन तासांच्या आसपास. त्यामुळे भारताला या बदलाची गरज भासत नाही. दुसऱ्या महायुद्धात मात्र इथेही घड्याळे तासभर पुढे केली होती. आज तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा बदल जाणवतो तो घरी फोन लावताना: हिवाळ्यात साडेपाच तासांचे असलेले अंतर मार्चअखेर साडेचारवर येते.