व्हिपलचा रोग आणि एचएलए जनुके

व्हिपलचा रोग हा ‘ट्रोफेरिमा व्हिपली’ या जंतूमुळे होणारा, मुख्यतः लहान आतड्याचा अतिशय दुर्मीळ रोग. जॉर्ज व्हिपल या अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञाने १९०७ मध्ये ३६ वर्षांच्या एका डॉक्टरच्या शवविच्छेदनावरून त्याचे वर्णन केले. आधी कित्येक वर्षे सांधे दुखतात, मग जुलाब लागतात आणि वजन उतरत जाते. उपचार न मिळाल्यास रोगी दगावतो.

जंतू मात्र दुर्मीळ नाही. तो सांडपाण्यात सापडतो, धडधाकट माणसांच्या विष्ठेतही सापडतो. मग आजारी मोजकेच का पडतात? त्यासाठी संशोधक एचएलए जनुकांकडे वळले. सहाव्या गुणसूत्रावरील ही जनुके जी प्रथिने घडवतात, ती जंतूचे तुकडे टी-पेशींपुढे, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींपुढे, मांडतात. सुरुवातीला संशय या जनुकांच्या एचएलए-बी२७ या प्रकारावर होता; मणक्याच्या संधिवाताशीही त्याचा संबंध आहे. इटली व अर्जेंटिनातील रुग्णांत तो टिकला नाही. २००९ मध्ये युरोपीय रुग्णांत डीआरबी१*१३ आणि डीक्यूबी१*०६ हे एचएलएचे प्रकार अधिक आढळले. पण हे प्रकार असंख्य निरोगी लोकांतही असतात, म्हणून त्यांवरून निदान करता येत नाही. २०१८ मध्ये एका फ्रेंच कुटुंबात रोगप्रतिकारक पेशींचे काम नियंत्रित करणाऱ्या आयआरएफ४ या जनुकाची एक प्रत सदोष निघाली. एचएलएबाहेरचा हा दुवा मला अधिक बोलका वाटतो, कारण या रोगात भक्षक पेशी जंतू गिळतात पण पचवू शकत नाहीत.

मुंबईत जुलाब, ताप आणि खंगणे म्हटले की डॉक्टरांच्या मनात आधी आतड्याचा टीबी येतो, आणि ते रास्तच आहे. धोका सांधेदुखीच्या टप्प्यावर असतो. बी२७ पॉझिटिव्ह आला की मणक्याच्या संधिवाताचा शिक्का बसतो; पुढे टीएनएफ (दाह वाढवणारे प्रथिन) रोखणारी इंजेक्शने दिली आणि दुखण्यामागे व्हिपल असला, तर तो उफाळतो. निर्णायक ठरते ती दुर्बिणीने घेतलेली लहान आतड्याची बायोप्सी. पीएएस या रंजनात (त्यात शर्करायुक्त पदार्थ रंगतात) भक्षक पेशी किरमिजी दिसतात. एचआयव्हीबाधितांत टीबीच्या कुळातले काही जंतूही तसेच दिसतात. म्हणून टीबीसाठीचे झील-नीलसन रंजन सोबत करावे लागते. तो रंग व्हिपलचा जंतू धरत नाही. पीसीआरने, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने, खात्री पटली की दोन आठवडे सेफ्ट्रियाक्सोन हे प्रतिजैविक शिरेतून आणि नंतर साधारण वर्षभर को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या देतात.